पायीची वहाण

या मांडवात शिरताना आपण सर्वांनी एक गोष्ट केली, आणि ती केल्याचे आता कोणाच्या ध्यानातही नसेल. दाराशी आलो, पाय जरा झटकला, वहाण बाहेर राहिली आणि आपण आत येऊन बसलो. वाकावे लागले नाही, बंद सोडावे लागले नाहीत, हातही लावावा लागला नाही. बाहेर आता जो ढीग पडला आहे, त्याच्यापाशी आम्ही येताना मुद्दाम थोडा वेळ उभे राहिलो. त्यात चामड्याच्या जुन्या वहाणा आहेत, रबरी पट्ट्यांच्या हवाई चपला आहेत, बायकांच्या सपाता आहेत; आणि लेकरांचे ते नव्या तऱ्हेचे, भोकाभोकांचे, फेसासारखे हलके, रंगीत पायताणही आहे, ज्याला मुले ‘क्रॉक्स’ म्हणतात. बंदांचे बूट असे दोनचारच. बाकीच्यांचे आकार निराळे, मोल निराळे. पण एका गोष्टीत सारी सारखी. पाय आत सरकवला की चालू लागावे, आणि पाय उचलला की मोकळे व्हावे.

असे का असावे, हा आमचा आजचा विषय आहे. इतिहासाच्या व्याख्यानाला हा विषय हलका वाटेल. लढाया, सनदा, राजांच्या वंशावळी सोडून हे गृहस्थ चपलांकडे का वळले, असे मनात येईल. पण आमचे म्हणणे असे की, माणूस कोणत्या समाजात राहतो हे त्याच्या डोक्यावरील पागोट्यापेक्षा त्याच्या पायांवरून लवकर कळते. वहाणेच्या इतिहासात तीन प्रश्न आहेत. ती घालायची कोणी? ती काढायची कोठे? आणि नवी वहाण पायात रुळते ती कशी? तिसरा प्रश्न घरगुती दिसतो, पण शेवटी आम्ही त्याच्याकडेच येणार आहोत.

आधी शब्द पाहू. ‘वहाण’ हा शब्द संस्कृतातील ‘उपानह’ या शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप आहे. त्याच घराण्यातला ‘अनवाणी’. उघड्या पायासाठी मराठीने निराळा शब्द घडवला नाही. वहाण नसणे हीच त्या पायाची ओळख ठरवली. म्हणजे आपल्या भाषेला वहाण ही जुनी ओळखीची वस्तू आहे. किती जुनी? शतपथ ब्राह्मणात राजसूय यज्ञाचे वर्णन आहे. त्यात राजाने रानडुकराच्या कातड्याच्या वहाणा घालाव्यात असे सांगितले आहे. आणि पुढे असेही की, राजसूय केलेल्या राजाने उघडा पाय पुन्हा भुईला लावू नये, आसनावरून उतरताना पाय थेट वहाणेत सरकवावा. पाय सरकवून घालावयाच्या वहाणेचे हे बरेच जुने उदाहरण; आणि ती घालणारा राजा आहे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी कथा आमच्या मुलखाला अधिक जवळची आहे. नांदेड जिल्ह्यातील माहूरगडची रेणुका ही आपल्या कितीतरी घरांची कुलस्वामिनी. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला तिची एक गोष्ट सांगतात. जमदग्नी ऋषी बाण सोडण्याचा खेळ करीत होते आणि सोडलेले बाण रेणुका धावत जाऊन आणून देत होती. ज्येष्ठाचा महिना, माथ्यावर सूर्य. तिचे पाय पोळले, डोके तापले. ती क्षणभर झाडाच्या सावलीला थांबली आणि भीतभीत परत आली. उशीर का झाला, हे कळताच जमदग्नींनी बाण लावला तो सूर्यावर. मग सूर्य शरण आला आणि त्याने दोन वस्तू दिल्या, डोक्यासाठी छत्र आणि पायांसाठी चामड्याच्या वहाणा. कथा म्हणून ती घ्यावी. पण ज्याने ती रचली त्याला उन्हाळ्यातील जमीन ठाऊक होती. वैशाख-ज्येष्ठात आखाडा बाळापूरच्या कोणत्याही शेतवाटेवर दुपारी चार पावले अनवाणी टाकावीत, म्हणजे रेणुका कोणत्या झाडाखाली थांबली असेल ते समजते. आणखी एक गंमत अशी की, आपल्या देवळांतील दगडी देव बहुधा अनवाणी असतात. उत्तरेकडील सूर्याच्या मूर्ती मात्र गुडघ्यापर्यंत बूट घालून उभ्या आहेत. वहाण देणाऱ्याने स्वतःची सोय आधी पाहिली म्हणायची!

या कथेत वहाण दिली गेली ती एका बाईचे पाय पोळले म्हणून. गरज आधी, मान मागून. परंतु पुढील इतिहासात हा क्रम उलटला. तो कसा उलटला हे दोन परंपरा शेजारी ठेवल्या की दिसते.

बौद्ध भिक्षूंचे नियम विनयपिटकात आहेत आणि त्यातील महावग्गात एक सबंध प्रकरण चामडे आणि पादत्राणे यांवर आहे. सोण कोळिविस नावाचा एका धनिकाचा लाडका मुलगा भिक्षू झाला. त्याचे तळवे इतके नाजूक की, येरझारा घालून घालून ते फुटले आणि वाट रक्ताने भरली. बुद्धांनी त्याला एका तळव्याची वहाण घालण्यास अनुज्ञा दिली. तो म्हणाला, मला एकट्याला नको, सगळ्यांना असेल तर घेईन. तेव्हा ती सर्वांना मिळाली. त्याच प्रकरणात लाकडी खडावांना मात्र बंदी आहे, आणि तिचे कारण मोठे मनुष्यस्वभावाचे आहे. काही भिक्षू पहाटे उठून खडावा घालून खडखड करीत हिंडत, मोठमोठ्याने गप्पा मारीत, आणि ध्यानाला बसलेल्यांचे चित्त मोडत असे. ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर कोणी खडावा वापरणारे वडीलधारे होऊन गेले, त्यांना या नियमाचे मर्म निराळे सांगावयास नको.

पुढे दोन नियम असे आहेत की ते वाचून आम्हांला फार आनंद झाला. एक भिक्षू लंगडत चालला होता. एका गृहस्थाने विचारले, महाराज, का लंगडता? पाय फुटले आहेत, असे उत्तर आले. गृहस्थाने आपल्या पायातील पुष्कळ थरांच्या जाड वहाणा काढून पुढे केल्या. पण जाड वहाणांना मनाई होती. तेव्हा बुद्धांनी ठरवून दिले की, दुसऱ्याने वापरून उतरवलेल्या असतील तर जाड वहाणाही भिक्षूला चालतील. नव्या मात्र चालणार नाहीत. म्हणजे रुळलेली वहाण चालेल, कोरी नको. भिक्षूला ऐट नको म्हणून हा नियम असेल. पण ज्याचे पाय फुटले आहेत त्याला रुळलेली वहाणच सोसते, हेही त्यात आपोआप साधले आहे.

दुसरा नियम तर आपल्याच जमिनीचा म्हणावा असा आहे. महाकच्चायन हे अवंतीकडचे थोर भिक्षू. त्यांनी आपल्या शिष्याबरोबर बुद्धांकडे निरोप पाठवला की, अवंती-दक्षिणापथात भुई वरून काळी आहे, खरबरीत आहे, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. तिथे एका तळव्याच्या वहाणेने भागत नाही. बुद्धांनी त्या मुलखापुरती जाड वहाणांची मोकळीक दिली. मध्यदेशातील मऊ गाळाच्या जमिनीवर बसून केलेला नियम आपल्या काळ्या भुईवर टिकला नाही! आमच्या भागात पावसाळ्यात गुरे ज्या वाटेने गेली ती वाट उन्हाळ्यात वाळून खडकासारखी होते, आणि खुरांच्या त्या कडा तळव्याला कशा टोचतात हे शेतकऱ्याच्या पोरालाच विचारावे. जमीन पाहून नियम बदलणारा धर्मशास्ता विरळा.

आता दुसरी परंपरा. मनुस्मृती सांगते की, दुसऱ्याने घातलेल्या वहाणा आपण घालू नयेत. एवढेच असते तर तो स्वच्छतेचा नियम म्हणून सोडून दिला असता. पण गौतम धर्मसूत्र शूद्राविषयी बोलताना सांगते की, वरच्या वर्णांनी वापरून टाकलेल्या जीर्ण वहाणा, छत्र्या, वस्त्रे त्याने वापरावीत. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली म्हणजे अर्थ उघड होतो. नवी वहाण कोणाची आणि झिजलेली कोणाची, हे जन्मावरून ठरले. बुद्धांच्या नियमात झिजलेली वहाण पाय फुटलेल्याला मिळत होती. इथे ती ठरावीक कुळात जन्मलेल्याला मिळू लागली. वस्तू तीच, झीज तीच. पण एका ठिकाणी ती करुणा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती पायरी आहे.

‘पायीची वहाण पायी बरी’ ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यात चामड्याच्या वहाणेविषयी काहीच म्हणणे नाही. ज्याची जागा खाली आहे त्याने वर पाहू नये, असे ती सांगते. आम्ही या व्याख्यानाला ती म्हण मथळा म्हणून घेतली, ती मान्य आहे म्हणून नव्हे. शेवटचे दोन शब्द मुद्दाम गाळले आहेत.

आता काढण्याचा प्रश्न. आपला समाज उंबरठ्याचा समाज आहे. घर, देऊळ, मठ, स्वयंपाकघर, धान्याची कोठी, तालमीची तांबडी माती, प्रत्येक ठिकाणी वहाण बाहेर. दिवसातून दहावीस वेळा जी वस्तू घालायची आणि काढायची, ती बांधून कोण बसणार? म्हणून आपल्याकडे पायात सरकवण्याची वहाण वाढली. हॉलंडातील शेतकऱ्याचे लाकडी जोडे ओलसर शेतासाठी झाले, जपानी लोकांच्या लाकडी गेता चिखलावरून उंच चालण्यासाठी आणि दाराशी चटकन उतरवण्यासाठी झाल्या. आपली खडाव तर याहूनही साधी. एक फळी आणि अंगठ्याशेजारी एक खुंटी. ऊन, चिखल आणि उंबरठा, या तीन गोष्टींनी सरकवी पादत्राणे जगभर घडवली. आमच्याकडे त्यांत उंबरठ्याचा वाटा मोठा.

पाय हा शरीराचा खालचा भाग, आणि वहाण त्याहूनही खालची. तरी याच देशाने पादुका पूजल्या. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून भरताने राज्य सांभाळले. माहूर ही दत्तात्रेयांची भूमी, आणि दत्तसंप्रदायात पादुकांचे स्थान मूर्तीइतके आहे. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखीत पादुका ठेवून देहूहून आळंदीमार्गे पंढरीची वाट धरली, तेव्हापासून वारीत संत चालतात ते पादुकांच्या रूपाने. वारकरी त्यांच्यावर डोके ठेवतो. मनात येते, ज्याने त्या पादुका घडवल्या त्या कारागिराच्या डोक्यावर कोणी हात ठेवला असेल काय?

आमच्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथला हाच प्रश्न एकदा उलटा उभा राहिला. नरसीचे नामदेव गुरूच्या शोधात तिथे आले तो विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव दचकले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जिथे ठेवतात तिथे पिंड उभी राहते, अशी कथा आहे. पायाला अपवित्र मानणाऱ्या जगाला यापेक्षा साधे उत्तर नाही. ते उत्तर नामदेवांना इतके भिनले की, पंढरपूरच्या महाद्वारात आपण पायरी व्हावे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय आपल्याला लागावेत, अशी त्यांनी इच्छा धरली. तीच नामदेव पायरी. आणि त्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे; मंगळवेढ्याहून त्यांच्या अस्थी नामदेवांनीच आणल्या असे परंपरा सांगते. आत जाणाऱ्यांची वहाण बाहेर राहत होती. चोखोबांच्या समाजाला मात्र वहाण उतरवूनही आत जाता येत नव्हते. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले तेव्हा ते दार उघडले. उंबरठ्यापाशी काही लोक वहाण ठेवत होते आणि काही लोकांना स्वतःलाच ठेवावे लागत होते.

गावात वहाण कोठून येई, तेही पाहू. बलुतेदारीच्या व्यवस्थेत ढोर समाजाने कातडे कमवावे आणि चांभाराने जोडे, वहाणा, मोटा, आसूड करून द्यावेत; सुगीला शेतकऱ्याने त्यांच्या ओटीत धान्य घालावे, असा रिवाज होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकावे सापडतात. कातडे कमावणे हे आठवड्यांचे काम. चुन्याच्या पाण्यात ते भिजवायचे म्हणजे केस सुटतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात मुरवायचे. त्यातील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना धरून बसते आणि मग ते कातडे कुजत नाही. आमच्या भागात पायात काटा मोडतो तो बहुधा बाभळीचा. आणि तो अडवणारे कातडे कमावले जाते ते बाभळीच्याच सालीने. हे ज्ञान ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, हात सोलवटून सांभाळले, त्यांच्या घरचे पाणी गावाला चालत नव्हते. त्यांनी केलेली वहाण पाटलाच्या ओसरीपर्यंत जाई. ते स्वतः वहाण घालून त्या ओसरीसमोरून जाऊ शकत नव्हते. दलित माणसाने सवर्णांच्या आळीतून जाताना पायातले हातात घ्यायचे, ही रीत महाराष्ट्रातील कितीतरी गावांनी पाळली आहे. आपल्यातील म्हाताऱ्यांनी ती पाहिली आहे. आम्ही पाहिली नाही असे म्हणून तिच्यातून कोणी सुटत नाही.

हीच रीत परक्या राज्यकर्त्यांनी आपल्या सर्वांना लावली, तेव्हा मात्र आपल्याला ती चटकन समजली. इंग्रज साहेबापुढे देशी माणसाने जोडे काढून जावे असा दंडक होता. १८६२ साली सुरतेच्या न्यायालयात माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थाने जोडे काढण्यास नकार दिला आणि त्याला बाहेर जावे लागले. त्यावरून मुंबई इलाख्यात मोठा वाद माजला. सरकारने तोड काढली ती अशी की, विलायती बूट-मोजे घातले असतील तर काढायला नकोत. देशी पायताण असेल तर काढावे. म्हणजे बंदाच्या बुटाला मान, सरकवी वहाण मात्र बाहेर! जानेवारी १८७४ मध्ये कलकत्त्यास ईश्वरचंद्र विद्यासागर एशियाटिक सोसायटीच्या वास्तूतील संग्रहालय पाहण्यास गेले. पायात नेहमीच्या साध्या चट्या, म्हणजे मागून उघड्या सपाता. पहारेकऱ्याने अडवले. विलायती बूट घातलेले आत जात होते. विद्यासागर चट्या न काढता माघारी फिरले आणि त्यांनी विश्वस्तांना लेखी जाब विचारला. एवढा मोठा पंडित दाराशी थांबवला गेला तो त्याच्या सपातेमुळे. सुशिक्षितांना तो अपमान फार झोंबला, आणि झोंबायलाच हवा होता. पण त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या गावांत किती माणसे रोज हातात वहाण घेऊन चालत होती, याचा जाब फार थोड्यांनी विचारला.

स्वातंत्र्य आले, निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपले, २६ जानेवारी १९५० पासून संविधानाने अस्पृश्यता मोडीत काढली. पुढे १९८९ साली अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्ध कायदा झाला. या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. त्या दुरुस्तीत गुन्ह्यांची यादी वाढवताना एक गुन्हा स्पष्ट शब्दांत घातला आहे: सार्वजनिक जागी पादत्राण किंवा नवे कपडे घालण्यास अडथळा करणे. आम्ही ते कलम प्रथम वाचले तेव्हा थबकलो. एकविसाव्या शतकातील संसदेला पादत्राणाचे नाव घेऊन कायदा करावा लागला. जी गोष्ट घडत नाही तिच्यासाठी कोणी कलम लिहीत नाही. चपलांचा हार घालणे हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे. वहाण पायात घालू द्यायची नाही आणि गळ्यात घालायची, हे एकाच मनाचे दोन व्यापार.

आता तिसरा प्रश्न. नवी वहाण रुळते कशी?

चामड्याची वहाण कोरी असते तेव्हा ताठ असते. म्हशीच्या जाड कातड्याचा तळ, वर पट्टा, अंगठ्याला कडे, वादीने शिवलेली. पहिल्या दिवशी ती अंगठ्याच्या बेचक्यात लागते, नाहीतर पट्ट्याच्या कडेला चावते. जुनी माणसे रात्री पट्ट्याला आणि अंगठ्याला करडईचे नाहीतर एरंडाचे तेल चोळून ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात, नाहीतर विहिरीपर्यंतच घालून जात. तेल तंतूंच्या मध्ये शिरते आणि ते एकमेकांवरून सरकू लागतात. चालण्याने त्यांना पायाची घडी पडते. भिजली तर सावलीत वाळवावी, उन्हात ती पुन्हा लाकूड होते. घाई करणाऱ्याला फोड येतो. मापही सकाळी घेऊ नये, संध्याकाळी घ्यावे; दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो. या क्रमाने पंधरावीस दिवसांत वहाण पायाची होते. मग तिच्यावर टाचेचा खळगा पडतो, बोटांच्या खुणा उमटतात, आणि ती दुसऱ्या कोणाच्या पायाला नीट बसत नाही.

खडावेचे उलट आहे. लाकूड वाकत नाही, तेव्हा खडाव रुळत नाही, पाय रुळतो. खुंटीला बोटांच्या चिमटीत धरण्याची सवय झाली की ती चालू लागते. हॉलंडचा शेतकरी लाकडी जोड्यात जाड मोजे घालतो ते त्याचसाठी. फेसाच्या नव्या पायताणाची जात तिसरीच. अमेरिकेत २००२ साली ती प्रथम विक्रीस आली, होडीवर वावरणाऱ्यांसाठी; पाणी भोकांतून निघून जावे आणि पाय घसरू नये म्हणून. पुढे दिवसभर उभे राहणाऱ्या परिचारिका, आचारी, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर यांनी ती उचलली. त्या फेसात हवेचे असंख्य बंद बुडबुडे असतात. वजनाने ते दबतात आणि पायाला पहिल्याच दिवशी बरे वाटते. पण तेल तिला नको आणि कडक ऊनही नको. आमच्या वैशाखात बंद मोटारीत राहिली तर ती आक्रसते. सैल घालून जलद चालू नये, पाय आत सरकतो आणि ठेच लागते. सोय प्रत्येकीची निराळी, आणि प्रत्येकीची रीत शिकावी लागते.

वहाण चावते हे कळणे हेही भाग्य आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. कुष्ठरोगात पायाच्या नसा बधिर होतात. चपलेचा खिळा रुतला तरी कळत नाही, आणि जखम चिघळून पाय जातो. वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी १९५० नंतरच्या वर्षांत हे ओळखून मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या सपाता रुग्णांसाठी करवल्या, आणि त्या साध्या सपातेने असंख्य पाय वाचवले. जुन्या मधुमेह्याचेही तसेच. त्याने नवी वहाण एका वेळी थोडाच वेळ घालावी, आत हात फिरवून पाहावा, आणि रात्री तळवा निरखावा. जिथे दुखणे कळते तिथे उपाय होतो. बधिर झालेला पाय चालत राहतो आणि कुजतो. समाजाचेही असेच आहे, एवढे म्हणून आम्ही पुढे जातो.

दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजी चपला करावयास शिकले. तुरुंगात घालणाऱ्या जनरल स्मट्स यांनाच त्यांनी १९१४ साली स्वतःच्या हातची चपलांची जोडी भेट दिली. स्मट्स यांनी ती कित्येक उन्हाळे वापरली आणि १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवशी परत पाठवली. एवढ्या मोठ्या माणसाच्या वहाणेत उभे राहण्याची आपली योग्यता नाही, अशी भावना त्यांनी प्रकट केली. जातीने वैश्य असलेला माणूस चामड्याला हात लावतो, चपला शिवतो, आणि त्या सत्ताधाऱ्याच्या पायात घालतो! त्या जोडीत एक सबंध व्यवस्था उलटी झाली होती. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांच्या नावाने. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान शहरात तशाच चपला मिरवल्या आणि कारागिरांचे नाव घेतले नाही, तेव्हा इथे ओरड झाली आणि कंपनीला मूळ कबूल करावे लागले. ओरड योग्यच होती. परंतु मिलानने नाव घेतले नाही म्हणून रागावणाऱ्या आपण तरी आपल्या गावात वहाण शिवणाऱ्या माणसाचे नाव किती आदराने घेतो?

कायदा ही कोरी वहाण आहे. ती पेटीत ठेवून रुळत नाही. घालावी लागते, रोज घालावी लागते. आधी घराशी, मग विहिरीपर्यंत, मग भर बाजारातून आणि पाटलाच्या ओसरीसमोरून. प्रथम ती टोचते. कधी घालणाऱ्याला टोचते, कधी पाहणाऱ्याला. ज्याच्या पायाला फोड येतो त्याला एकट्याला चालू देऊ नये, एवढे आपण करू शकतो.

व्याख्यान संपले. बाहेर आता अंधार पडला असेल आणि त्या ढिगात आपापली वहाण शोधावी लागेल. डोळ्यांना ती सापडणार नाही, कारण अंधारात सगळ्या सारख्याच दिसतात. पण पाय एकेकीत सरकवून पाहावा. चुकीची असेल तर पाय लगेच नाही म्हणतो. आपली असेल तिथे टाच आपल्या खळग्यात बसते आणि माणूस चालू लागतो. आज या दाराशी कोणाची वहाण कोणत्या घरची, हे ढिगाने विचारले नाही. ती एकमेकींवर पडून राहिली. घरी जाताना वाटेवरही तेवढेच व्हावे.